पुलापलीकडचा जादा भाग

अर्धवट वस्तू एकदाही विकत न घेता वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू निवडायची सोय आपल्याकडे नाही. मुलगी पसंत केली की तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा न मागता सोबत येतो. आमचे हे गृहस्थ डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहेत. तयार झालेला माल बाहेर पडण्याआधी तपासायचा आणि त्यात काही कमी असेल तर सही करायची नाही, हे त्यांचं काम. गेली सत्तावीस वर्षं सही न करण्याचा पगार घेता घेता त्यांची अशी ठाम समजूत झाली आहे की, जगातली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या टेबलावर यायला हवी होती आणि कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे ती परस्पर बाजारात गेली.

आम्ही कल्याणला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला ते आले, सगळ्या खोल्या फिरले, न्हाणीघराचे नळ उघडून पाहिले, गच्चीवर जाऊन आले आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "लिफ्टची नुसती विहीर दिसतेय. लिफ्ट बसली की पुन्हा बोलवा." हातातली भेटवस्तू ते तशीच परत घेऊन गेले. सात महिन्यांनी लिफ्ट बसली, तेव्हा खरोखर पुन्हा आले, लिफ्टने दोनदा वरखाली केलं आणि तीच भेटवस्तू, त्याच कागदात, माझ्या बायकोच्या हातात ठेवली. टीव्हीवरची मालिका ते शेवटचा भाग झाल्याशिवाय सुरू करत नाहीत, त्यामुळे आजवर त्यांनी मराठी मालिका एकही पाहिलेली नाही. लग्नसुद्धा त्यांनी तसंच केलं. ठरल्यावर चार वर्षं थांबायला लावलं, कारण कोपर स्टेशनजवळचा त्यांचा फ्लॅट बिल्डरकडून पूर्ण होऊन मिळायचा होता. ताई, म्हणजे माझ्या बायकोची बहीण, चार वर्षं थांबली. पालिकेच्या शाळेत शिकवत होती, रोज संध्याकाळी त्या बांधकामाखालून घरी जायची आणि कितवा मजला चढला ते पाहून घ्यायची.

एकदा आम्ही दोघं मिसळ खायला गेलो होतो. बिलात जादा पाव वेगळा लावलेला. साडू उठून गल्ल्यापाशी गेले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, हाच त्यांचा मोठा त्रास आहे. मालकाला म्हणाले, "तुम्ही रस्सा देता तो दोन पावांत संपत नाही. मी आज मुद्दाम सावकाश खाऊन बघितलं. म्हणजे तिसरा पाव याच मिसळीचा भाग आहे, तुम्ही तो आधी काढून ठेवलाय आणि आता परत विकताय." मालक म्हणाला, "काका, सगळेच लावतात ओ." साडू म्हणाले, "सगळे लावतात हे मला माहितीये. बरोबर आहे का, ते विचारतोय." मागे माणसं खोळंबलेली. मालकाने बिलातून पावाचे पैसे वजा केले, पण त्याच्या चेहऱ्यावर जो थकवा आला तो मी ओळखला. मला तो दर सणाला येतो.

या माणसाला व्हिडिओ गेमचा नाद असावा, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. तरुणपणी कल्याणच्या बाजारातून त्यांनी पहिली कॅसेट आणली, ती यंत्रात घातली आणि आत अख्खा खेळ होता. पहिल्या पायरीपासून शेवटच्या राक्षसापर्यंत सगळं. त्या एका अनुभवावर त्यांचं बाकीचं आयुष्य उभं आहे. पुढे कॅसेटा गेल्या, तबकड्या आल्या, मग तबकड्याही गेल्या आणि खेळ इंटरनेटच्या तारेतून घरात यायला लागले. त्याबरोबर डीएलसी नावाचा प्रकार आला. म्हणजे खेळ विकत घेतल्यावर त्याचाच जादा भाग वेगळे पैसे भरून उतरवून घ्यायचा. कुठे नवी तलवार, कुठे घोड्याचं चिलखत, कुठे अख्खा नवा मुलूख. साडूंनी हे मनाला लावून घेतलं. कंपन्यांना ते इंग्रजीत लांबलचक पत्रं पाठवायचे. एकदाच उत्तर आलं. त्यात आपल्या बहुमोल मताबद्दल आभार मानले होते आणि सोबत, ज्या जादा भागाविरुद्ध तक्रार केली होती त्याच्यावरच सवलतीचं कुपन होतं.

मी वाद घालून पाहिला होता. म्हटलं, "अहो, तो भाग बनवायला माणसं वर्षभर राबतात. पुस्तकाचा दुसरा खंड आला तर आपण पैसे देतोच की."

"दुसरा खंड पहिल्याची पानं फाडून बांधत नाहीत," ते म्हणाले. "नंतर बसून नवं केलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण यांचं आधीच तयार असतं. नुसतं कुलूप लावलेलं असतं. आमच्याकडे अर्धा ड्रम भरून पाठवला तर ट्रक परत येतो."

त्यांच्याशी बोलताना नेहमी हेच होतं. माणूस असह्य वाटत असतो आणि चूक काढता येत नाही.

तर त्यांच्याकडे एक खेळ होता. डोंगरातल्या दरीत एक टपालवाला तांबड्या घोड्यावरून गावोगाव पत्रं पोचवतो, एवढंच. मारामारी नाही, राक्षस नाही. ताईला तो आवडायचा. दोघांना मूलबाळ नाही, संध्याकाळी घरात दोघंच. ती भाजी निवडत शेजारी बसायची, आधी कोणाचं पत्र द्यायचं ते ती ठरवायची आणि घोडा दमला की साडूंना रागवायची. "पाणी पाजा त्याला. तुम्ही कामावरून आल्यावर मी तुम्हाला लगेच पिटाळते का?" त्या दरीच्या टोकाला एक लाकडी पूल होता. पुलापलीकडे बर्फाचे डोंगर आणि एका तळ्याची कड चमकताना दिसायची. पण घोडा पुलावर गेला की थांबायचा आणि पडद्यावर पाटी यायची की, पुढचा प्रदेश स्वतंत्रपणे उपलब्ध आहे.

"घ्या ना ते पलीकडचं," ताई म्हणायची.

"अगं, असे तीन भाग काढणार आहेत. तिन्ही झाले की संपूर्ण आवृत्ती येईल, सगळं एकत्र, निम्म्या किमतीत. तोवर त्यातले दोषही निघतील."

"कधी येईल?"

"येईल. दोन-तीन वर्षांत येतेच."

पैशांचा प्रश्न नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. कंजूष माणूस वेगळा असतो. ताईच्या वाढदिवसाला हे गृहस्थ न विचारता सोन्याचं काही आणायचे. तो जादा भाग म्हणजे एका सिनेमाच्या दोन तिकिटांएवढी वस्तू होती. पण तो घेणं म्हणजे अर्ध्या ड्रमावर सही करणं होतं. ताईने वाद घातला नाही. थांबायची तिला सवय होती. कधीतरी संध्याकाळी ती म्हणायची, "आज पुलापर्यंत जाऊन येऊ," आणि साडू घोडा तिथे नेऊन उभा करायचे. दोघं पलीकडे पाहत बसायची. पाटी आली की साडू ती बंद करायचे.

अशी तीन वर्षं गेली. ताईला साखरेचा आजार जुना होता. डोळ्यांपुढे काळे धागे तरंगतात असं ती म्हणायला लागली, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एका सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिला स्वतःचं अक्षर दिसेनासं झालं. डाव्या डोळ्यात आत रक्तस्राव झाला होता आणि उजव्याचा पडदाही खराब होत आला होता. ठाण्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. डोळ्यात इंजेक्शनं, लेझर, पुन्हा इंजेक्शनं. चार महिन्यांनी डाव्या डोळ्याने काहीच दिसेना, आणि उजव्याने खिडकी कुठे आहे ते कळे, माणूस उभा आहे हे कळे, कोण आहे ते कळत नसे.

शेवटच्या तपासणीला मी बरोबर होतो. डॉक्टर मनाचे चांगले होते, सावकाश समजावून सांगत होते. साडूंनी विचारलं, "पूर्ण बरं कधी होईल?"

डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत आणता येणार नाही. राहिलंय तेवढं टिकवायचं."

साडूंनी मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारायला लागले तेव्हा ताईने अंदाजाने त्यांचा हात शोधला आणि म्हणाली, "अहो, चला आता." बाहेरच्या बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "राहिलंय तेवढं म्हणजे काय?" मला वाटलं ते चिडले आहेत. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांना खरोखर कळलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर अपुरं ते नाकारलं, त्याला आता उरलेलंच जपायला सांगत होते.

त्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "ते पलीकडचं घेतलंय. रविवारी या." संपूर्ण आवृत्ती अजून आलेली नव्हती. पहिला भाग तेवढा त्यांनी पूर्ण किमतीत घेतला होता.

मी कल्याणहून निघून दुपारी जेवायलाच पोचलो. जेवण झाल्यावर ताई तिच्या खुर्चीत बसली, साडूंनी खेळ सुरू केला आणि घोडा पुलावर नेला. या वेळी पाटी आली नाही. टापांचा लाकडावरचा आवाज बदलून मऊ झाला तसं ताईने विचारलं, "आलो पलीकडे?"

"आलो."

"काय आहे?"

"बर्फ," साडू म्हणाले.

"कसं आहे?"

"पांढरं. साधारण दोन इंच जाडीचा थर आहे."

ताई हसली. आजारपणानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "तपासणीचा कागद नका वाचू," ती म्हणाली. "सांगा नीट."

मी पडद्याकडे पाहत होतो, आणि जसजसा घोडा पुढे जाऊ लागला तसतसं माझ्या लक्षात यायला लागलं. तिथे काहीही नव्हतं. सात-आठ घरं, तीही आधीच्याच गावातली उचलून छपरावर बर्फ घातलेली. दारातल्या माणसांचे चेहरे तेच. तळं होतं, पण काठाशी गेलं की घोडा अदृश्य भिंतीला अडखळायचा. डोंगर पुलावरून जेवढे लांब दिसायचे तेवढेच लांब राहिले, नुसतं चित्र. हा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर होता. शुद्ध फसवणूक होती ती. आता ते यंत्र बंद करतील आणि तसं बोलून दाखवतील, याची मी वाट पाहत राहिलो.

साडूंनी घसा साफ केला. "तळं गोठलंय," ते म्हणाले. "मधेच थोडं पाणी मोकळं आहे. तिथे एक होडी अडकलीये."

होडी नव्हती.

"कोणी आहे तिच्यात?"

"नाही. काठावर एक बाई आहे. लाल शाल. दोरी ओढतेय." ते थांबले. "घरांतून धूर येतोय. चुली पेटवल्यात वाटतं. एक कुत्रा आपल्या घोड्याबरोबर धावतोय."

"घोडा घाबरला नाही ना?"

"नाही. कान हलवले नुसते."

त्यांनी एका दारात पत्र दिलं. पडद्यावर एक ओळ आली, दार बंद झालं. साडू सांगत होते की आतून एक म्हातारे आले, त्यांनी पत्र कपाळाला लावलं, मग उंबऱ्यावरच बसून वाचायला लागले. ताई विचारत होती, "मजकूर काय?" आणि हे गृहस्थ, ज्यांनी नुसत्या कौतुकापोटी कधी कुठल्या मालावर सही केली नव्हती, ते म्हाताऱ्याच्या मुलाने शहरातून काय लिहिलं आहे ते रचून सांगत होते. चांगलं सांगत नव्हते. अडखळत होते, शालीचा रंग एकदा चुकून हिरवा झाला. ताईने चूक दाखवली नाही.

तो मुलूख पाऊण तासात संपण्याएवढा होता. त्यांच्या घरी तो वर्षभर संपला नाही. मी अधूनमधून जायचो, तेव्हा घोडा त्याच सात-आठ घरांभोवती फिरत असायचा आणि साडू नवी खिंड, नवी जत्रा, कुठल्याशा गावातली शाळा सांगत असायचे. पुढे ती संपूर्ण आवृत्ती खरोखर आली, तिन्ही भाग एकत्र, निम्म्या किमतीत. मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आलीये होय," आणि मग माझ्या बायकोची चौकशी केली.

गेल्या महिन्यात गेलो होतो. ते स्वयंपाकघरात चहा टाकत होते, आता घरातलं सगळं तेच करतात. मी धीर करून विचारलं, "तुमचं काय मत आहे त्या भागाबद्दल? पैसे वसूल झाले?"

"छे," ते म्हणाले. "दरोडा आहे तो. तुम्ही पाहिलंत की." गाळणीतली पावडर त्यांनी चमच्याने दाबली. "ती म्हणाली तेव्हाच घेतलं असतं ना, तर तिने स्वतः पाहिलं असतं. दहा मिनिटांत म्हणाली असती, हे एवढंच? मी म्हटलं असतं, बघ, सांगत नव्हतो? दोघांनी मिळून शिव्या दिल्या असत्या त्यांना." त्यांनी कप भरले. "तेवढ्याला ते महाग नव्हतं."

बाहेरच्या खोलीतून ताईने विचारलं, चहा होईपर्यंत घोडा कुठे बांधलाय. साडूंनी कप ट्रेमध्ये ठेवले, पुसून घेतले आणि दारातूनच सांगायला सुरुवात केली की एक मोठं देवदाराचं झाड आहे, त्याच्याखाली बर्फ नाही, तिथे.