पाखरांची हजेरी

देवाने सृष्टी निर्माण केली खरी, पण तिची हजेरी घ्यायचे काम त्याने आमच्या मिशन शाळेच्या मास्तरांवर सोपवले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निवृत्त होताना मास्तर एक कोरा हजेरीपट घरी घेऊन आले आणि जन्मभर पोरांची नावे लिहिलेल्या हाताने त्यात पाखरांची नावे लिहिली. दयाळ, कोतवाल, नीळकंठ, सुगरण. दर रविवारी उपासनेआधी ते चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत. जे पाखरू दिसेल त्याच्यापुढे 'ह', नाही दिसले तर 'गै'. आत आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की मास्तर उभे राहत आणि म्हणत, "बापा, सुगरण तीन आठवड्यांपासून आली नाही, तिची आठवण कर." चर्चच्या नव्या पाळकांनी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा उपासनेनंतर त्या बाईंचा पत्ता विचारला होता.

मी मिशनच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचा मुलगा, मास्तरांच्या छड्या खाऊन मोठा झालेला. आर्णीतले माझे कृषी केंद्र मी निव्वळ जिभेच्या जोरावर उभे केले. कंपनीच्या माणसापासून कापसाच्या व्यापाऱ्यापर्यंत मला भावात कोणी हरवलेले नाही. डोके तापट आहे असे बायको म्हणते, तेही खरे. कापसाने जिल्ह्याला रडवले त्या वर्षांत बोंडअळीमुळे माझ्या दुकानात गर्दी असे आणि मास्तर नेमके त्या गर्दीत बाकावर येऊन बसत. गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, औषध द्या." मास्तर काळजीने विचारत, "काहून, घरी कोन आजारी हाये?" जाताना पिशवीतून हातोडी आणि खिळा काढून ते दुकानामागच्या, फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडत. त्या डब्यांत कोणी प्यायचे पाणी भरू नये, एवढाच हेतू. मी ओरडलो की शांतपणे म्हणत, "देवानं आपल्याले बाग राखाले ठेवलं बाबू, सातबारा नाई देल्ला."

इथवर मी सहन केले. पण कापणीच्या सणाचे मी विसरलेलो नाही. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घर पहिल्या पिकातले काहीतरी वेदीपुढे ठेवते आणि मग आवारात त्याचा लिलाव होतो. माझी आई मूठभर तूर आणायची आणि कोपऱ्यात ठेवून मागे सरायची. आपली टोपली मधोमध, क्रुसाखाली ठेवायची, हे मी तेव्हाच ठरवले होते. त्या वर्षी माझ्या शेतातला दुधासारखा कापूस टोपली भरून नेला. वेदी सजवायचे काम मास्तरांचे. त्यांनी टोपली उचलली, नाकाशी नेली आणि साऱ्या मंडळीदेखत बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली.

"याचा वास येऊन राह्यला बाबू. इथं लेकरं बसतात."

"अर्धी तरी ठेवा," मी म्हणालो. सवय, दुसरे काय!

"मंग वास अर्धा होईन का?"

मागे कोणीतरी हसले. मी टोपली तिथेच टाकून निघालो, तो पुन्हा आवारात पाऊल ठेवले नाही.

वास होता. तीन औषधे एकत्र करून मारायला मीच सांगितले होते, आणि ती फवारणारा माझा सालदार त्याच आठवड्यात यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता. मी फळे पाठवली. मास्तर त्याच्या उशाशी बसले. माणूस वाचला, पण हातांची थरथर अजून गेलेली नाही. मास्तरांनी हा विषय चारचौघांत कधीच काढला नाही. काढला असता तर मला भांडता तरी आले असते.

दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला. "हजेरी लिहाले आता डोये नाई राह्यले. ये जरा." वाटेत मी चार कडक वाक्ये जुळवून ठेवली. मास्तर कडुनिंबाखाली बसले होते, अंगाने निम्मे झालेले. त्यांनी पट माझ्या हातात दिला.

"वाच."

मी मागच्या रविवारचा रकाना वाचू लागलो. सुगरण, गै. नीळकंठ, गै. दयाळ, गै. त्याखाली माझे नाव होते. सणानंतरच्या पहिल्या रविवारपासून एकही रविवार न चुकता 'गै', आणि अक्षर दर महिन्याला जास्त वाकडे होत गेलेले. माझी चार वाक्ये कुठल्या कुठे गेली.

"मले पाखरांत बसवलं, मास्तर?"

"मंग कोनात बसवू? येत होते आन् यायचे थांबले, ते सारे या पटात हायेत." त्यांनी खिशातले पेन पुढे केले. "आज आला ना? लिह्य."

मी माझ्या नावापुढे 'ह' लिहिला.

"आता दयाळ. माह्या कानाले तं काई येऊन नाई राह्यलं. तुले येते का?"

मी कान दिला. रस्त्यावरून एक फटफटी गेली. मग सगळे शांत झाले, इतके की मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. खोटाच 'ह' लिहून टाकावा असे फार वाटले. समोरच्याला बोलण्यात गुंडाळायला मला कधी वेळ लागला नाही, पण मास्तर मान उंच करून फांद्यांकडे तोंड करून बसले होते, आणि पेन काही पुढे सरकेना.

"सांग ना बाबू."

"उपासनेची घंटा व्हायची हाये अजून, मास्तर," मी म्हणालो. "थांबू जराक."