बटणांवरच्या चित्रांसाठी वर्गणी

माझा धंदा पानं लावायचा. बोरगाव मेघेला घरातल्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, बचत गटांचे अहवाल, विहाराचं मासिक असं काहीबाही संगणकावर जुळवते आणि ते वर्ध्याच्या छापखान्यात जातं. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं करते ते फुकट मिळतं. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून ते लिहितात, दुरुस्त करतात आणि ज्याला हवं त्याला देऊन टाकतात. आपली जोडाक्षरं त्यात फुटायची. त्याची तक्रार करायला मी त्यांच्या चर्चेच्या पानावर गेले आणि मग तिथलीच होऊन बसले.

हिंगणीला माझी धाकटी नणंद झेरॉक्सचं दुकान चालवते. तिलाही मी हेच सॉफ्टवेअर शिकवलं होतं. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि आठवड्याभरात तिचा फोन आला.

"वहिनी, माह्यं अख्खं पान उडालं! शाळेच्या पुस्तिकेचं."

"काय दाबलं तू?"

"पानाची नक्कल करायचं बटण दाबलं म्या. मले त तेच वाटलं. आता गुरुजी येऊन राह्यले संध्याकाळी."

पान कसंबसं परत आणलं. पण मला चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी बस पकडून मी हिंगणीला गेले. तिच्या लॅपटॉपचा पडदा नवा, बारीक ठिपक्यांचा. त्यावर आमच्या सॉफ्टवेअरची बटणं तिळाएवढी दिसत होती. 'नक्कल' आणि 'काढून टाका' ही दोन बटणं शेजारी शेजारी. दोन्हींवर छोटा कागद, एकावर अधिकची खूण, दुसऱ्यावर फुली. नीट पाहून दाबत जा, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं, तर मी स्वतःच चष्मा पुढेमागे करत होते.

घरी येऊन मी चर्चेत लिहिलं की सगळी चित्रं नव्यानं काढायला हवीत. पहिलं उत्तर आलं ते खुद्द संस्थापकाचं. युरोपातल्या एका लहान गावात राहणारे हे निवृत्त शिक्षक. सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलं आणि ती जुनी चित्रंही त्यांनीच एकेक ठिपका भरून काढलेली. त्यांनी एवढंच लिहिलं, "आहेत ती चालतात." बाकीच्यांनी मात्र मान डोलावली, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ज्यानं विषय काढला त्याच्याच गळ्यात काम पडलं.

मला चित्र काढता येत नाही. म्हणजे चित्रकार शोधणं आलं. चर्चेतले काही जण म्हणाले, आपण सगळे फुकट काम करतो, चित्रकारही करेल. मला ते पटलं नाही. त्यांतल्या बहुतेकांना महिन्याचा पगार होता. ज्याचं पोटच चित्रांवर, त्यानं महिनोन् महिने फुकट का राबावं? शेवटी ठरलं, वर्गणी काढायची. पैसे एका परदेशी विश्वस्त संस्थेकडे जमा होणार, काम होईल तसे टप्प्याटप्प्यानं चित्रकाराला मिळणार, आणि आवाहन मी लिहिणार.

"बटणावरच्या चित्रांसाठी वर्गणी?" आमचे हे हसले. ते शाळेत शिक्षक. "जयंतीची वर्गणी मागाले जातो तवा समोरच्याचं तोंड त दिसते. देते का नाई, दारातच समजते. तुले कोण देईन?"

त्यांचं खरं होतं. समोर दारच नव्हतं. आवाहन टाकलं आणि दिवसामागून दिवस आकडा हलेना. कणीक मळता मळता मी कोपरानं मोबाईल जागा करून बघे. ताट वाढून पुन्हा बघे. छापखान्यातून फोन आला तरी आधी वर्गणीचं पान उघडे.

"काऊन सारखी मोबाईल पाहून राह्यली? वरण करपलं," हे म्हणाले. खरंच करपलं होतं.

मग एका दुपारी मी आवाहन पुन्हा वाचलं. नवा पडदा, ठिपक्यांची घनता, रंगसंगती... मीच वर्गणी दिली नसती! सगळं पुसलं आणि नणंदेची गोष्ट लिहिली. तिचं दुकान, उडालेलं पान, वाट पाहणारे गुरुजी. खाली ती दोन बटणं तिच्या पडद्यावर दिसतात तेवढीच, शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, यातलं पान काढून टाकणारं कोणतं?

त्यानंतर पैसे येऊ लागले. थोडे थोडे, पण येऊ लागले. कोणी गावच्या चर्चचं पत्रक काढणारं, कोणी वाचनालयातलं. काहींनी सोबत लिहिलं होतं, माझंही असंच एकदा पान गेलं होतं. मला वाटलं, आता जीव शांत होईल. तसं झालं नाही. आता परक्यांचे पैसे होते आणि काम अजून हातात नव्हतं.

चित्रकार मिळाली ती केरळातली. तिशीतली, बोलायला तडतडी. तिनं पहिल्या नमुन्यांतच मन जिंकलं. पण तिनं चित्रांबरोबर बटणांच्या जागाही बदलल्या होत्या. एका कामाची बटणं एका गटात, घातक बटणं दूर कोपऱ्यात. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. संस्थापकांनी लिहिलं, "जागा बदलायच्या नाहीत." कारण विचारलं तर पुन्हा तेच वाक्य. चर्चा पेटली. म्हाताऱ्याचा हट्ट, असं एकानं सरळ लिहिलं. मनातून मीही तेच म्हणत होते.

शेवटी मी त्यांना व्हिडिओ कॉलची वेळ मागितली. आमच्याकडे भर दुपार, त्यांच्याकडे सकाळ. कूलरचा आवाज त्यांना जाऊ नये म्हणून तो बंद केला आणि घामाघूम होऊन बसले. पडद्यावर आलेला माणूस माझ्याकडे बघत नव्हता. जरा डावीकडे, भिंतीकडे बघत होता.

"मधलं दिसत नाही मला आता," ते म्हणाले. "कडेचं थोडं दिसतं. चर्चेतलं सगळं संगणक वाचून दाखवतो. ती चित्रं मला केव्हापासूनच दिसत नाहीत. कोणतं बटण कुठे आहे ते हाताला पाठ आहे, त्यावर काम चालतं. चित्रं तुम्ही खुशाल बदला. जागा बदलल्या तर माझं काम बंद."

मी विचारलं, "मग तिथे हे लिहीत का नाही तुम्ही?"

"लिहिलं तर लोक सॉफ्टवेअर सोडून माझी काळजी करत बसतील. तुम्हीही सांगू नका."

मी कबूल केलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता कारण न सांगता सगळ्यांना वळवायचं आहे. चित्रकाराला म्हटलं, जागा आहेत तशाच ठेव. ती भडकली.

"मग मी काय नुसता रंग देऊ? कारण तरी सांगा."

"कारण आहे. सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हीपण त्यांना घाबरता."

तिचा फोन बंद झाला. तिकडे चर्चेत एकानं लिहिलं की वर्गणीदारांचा विश्वासघात होतोय. मी उत्तर लिहायची, खोडायची, गच्चीवर जायची, कपडे वाळले नसतानाच काढून आणायची. ह्यांनाही काही सांगितलं नव्हतं. ते नुसते म्हणाले, "सोड ना आता थे. कायले जिवाले लावून घेते?" पण सोडलं असतं तर ती चित्रकार बिचारी उगाच दुखावून गेली असती, आणि तो माणूस एका सकाळी स्वतःच्याच घरात वाट चुकला असता.

आठवड्यानंतर चित्रकाराचे नवे नमुने आले. जागा जुन्याच होत्या. पण शेजारच्या दोन बटणांची बाह्याकृती कुठेही एकसारखी नव्हती. नकलेवर एकावर एक दोन पानं, आणि काढून टाकायला कागदच नाही, थेट कचऱ्याची टोपली. लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तरी फरक दिसत होता. मी ते नणंदेला पाठवले. तिनं सगळी बटणं बरोबर ओळखली, आणि एका बटणावर विचारलं, "हे कायचं आहे? कढई?" ते एक बदललं.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा थोडी वाहवा झाली आणि पुष्कळ कुरकुर. जुनीच चित्रं परत द्या, वगैरे. त्याच गडबडीत संस्थापकांनी स्वतःच आपल्या डोळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मी गप्प राहिले म्हणून माझे आभार मानले. लगेच चित्रकाराचा फोन आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती म्हणाली, "त्यांना माझी चित्रं दिसलीच नाहीत म्हणजे. मी सांगते त्यांना."

आम्ही तिघं कॉलवर बसलो. ती वरच्या ओळीपासून एकेक चित्र शब्दांत सांगत गेली आणि ते हाताची बोटं हलवत ऐकत राहिले. कात्रीशी आल्यावर त्यांनी थांबवलं.

"उघडी आहे की मिटलेली?"

"उघडी."

"का? मी मिटलेली काढली होती. उघडी कात्री घरात बरी दिसत नाही."

"मिटलेली कात्री लहान आकारात चिमट्यासारखी दिसते, सर."

"पुष्कळ वर्षं कोणाला दिसली नाही ती चिमट्यासारखी."

"मला दिसली."

दोघंही हटेनात. मला विहाराचं मासिक छापखान्यात पाठवायचं होतं, चार पानं अजून लागायची होती आणि कूलर बंद असल्यानं खोली तापली होती. मी माझा माईक बंद केला, कूलर लावला, आणि त्यांचं भांडण ऐकत पानं लावायला घेतली.