वसंताचं खाणं

शाळेचा शिपाई दारात आला तेव्हा मी सातवीला वाक्यांत उपयोग शिकवत होतो. "गुरुजी, इस्पितळातून निरोप आलाय," एवढंच तो म्हणाला. हातातला खडू तसाच खिशात घालून मी निघालो. माझा धाकटा भाऊ वसंता गेला, त्याला आता पाच आठवडे झाले. तेवीस वर्षांचा होता...

मालवणकडच्या आमच्या गावाहून तो पार्ल्याला आला तो बिस्किटाच्या कारखान्यातली नोकरी धरून. आमच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको सुशीला आणि तो. पहिली दोन वर्षं त्याचं खाणं चारचौघांसारखंच होतं. गेल्या दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, भूक अशी खवळली की पाच भाकऱ्या, वर भाताचा ढीग, कारखान्यातून येताना फुटक्या बिस्किटांचा पुडा आणि तांब्यावर तांब्या पाणी. तांदूळ रेशनवर. सुशीला बिचारी आपल्या ताटातला भात गुपचूप त्याला वाढायची. मी मराठीचा मास्तर, माझ्याकडे वाढायला शब्द होते. आज हादडलंस, आज चेपलंस, आज ओरपलंस, आज सगळं फस्त केलंस. अधाशी म्हणून झालं, हावरट म्हणून झालं. एका रविवारी तर मी त्याच्यापुढे ताटाऐवजी पीठ मळायची परात मांडली. तो हसला आणि परातीत जेवला. पुढे ती त्याचीच झाली. सुशीला पीठ थाळ्यात मळू लागली. हे सगळं मी वर्गातही नेलं. 'वसंता भाकऱ्या हादडतो', 'वसंता कढी ओरपतो'. पोरं खूश, आणि मीही.

सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मोरीत मुंग्या लागायच्या. सुशीला फिनेल ओतून ओतून कंटाळली. एकदा हात धुताना तो हळूच म्हणाला, "दादा, इतक्या खातंय, पण आंगाक लागणा नाय रे."

"लागेल कसं? चावतोस कुठे, नुसता गिळतोस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून तो दोनच भाकऱ्यांवर उठायला लागला. मला वाटलं, चला, बोलण्याचा परिणाम झाला. काय ही माझी अक्कल!

पुढच्या महिन्यात तो कारखान्यात चक्कर येऊन पडला. इस्पितळात डोळे उघडत नव्हता, श्वासाला पिकल्या फळांसारखा वास येत होता. डॉक्टरांनी विचारलं, खाणं कसं होतं. जिभेला वळणच पडलेलं. म्हणालो, "खादाडच आहे तो, डॉक्टर."

त्यांनी मान वर केली. "आणि तरी रोडावत होता?"

मी हो म्हणालो. मग तहान, लघवी, मुंग्या, एकेक विचारत गेले. मधुमेह होता. दोन महिने आधी आणलं असतं तर रोजच्या सुईवर जगला असता, म्हणाले. भरल्या परातीवर माझा भाऊ उपाशी मरत होता आणि मी त्याच्या भुकेला नावं ठेवत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी, सुशीला त्याच्या उशाशी असताना, तो गेला.

पहिल्या चाचणीचा पेपर मी त्याआधीच काढून दिला होता. पाचवा प्रश्न: हादडणे, ओरपणे, फस्त करणे, यांचा वाक्यांत उपयोग करा. बेचाळीस पेपर तपासायला आले. वसंता गेल्याचं पोरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक पेपरात वसंता जेवतोय. हादडतोय, ओरपतोय, एकाने तर 'वसंता परात फस्त करतो' असंही लिहिलंय. हेडमास्तरांनी दोनदा मागितले. सुशीलाही म्हणते, देऊन टाका एकदाचे. ती परात मात्र तिनेही पिठाला परत घेतलेली नाही. फडताळात उभी आहे, आणि तिच्यापुढे पेपरांचा गठ्ठा. लाल पेन्सिल घेऊन मी रोज बसतो. चूक सापडत नाही. सगळं मी शिकवलं तसंच लिहिलंय.