दोन प्रकल्पांत एकच बाई

मोठीचं काम लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचं. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळपासून ती औषधाची बाटली घेऊन बाकांच्या रांगेतून फिरायची. एकेकाची हनुवटी वर करायची, खालची पापणी अलगद ओढायची, थेंब सोडायची आणि म्हणायची, "आता डोळे मिटा. गप्पा मारल्या तरी चालतील, गप्पांना डोळे लागत नाहीत." बाहुल्या मोठ्या होईपर्यंत माणसं तशीच बसून राहायची, आणि डोळे मिटलेली माणसं पुष्कळ बोलतात हे तिला तिथेच कळलं. ऐकून घ्यायची तिला हातोटीच होती. म्हणून चाळिशीला टेकल्यावर तिनं विद्यापीठात समाजकार्याच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. तिचं बघून तिच्या जावेनंही घातलं.

घर एकच, मजले दोन. खाली मोठी, तिचा नवरा आणि सासूबाई. वर दीर, धाकटी आणि त्यांची लहान मुलगी. वर्गाला दोघी एकाच स्कूटरवर जायच्या. लोक त्यांना बहिणी समजायचे आणि त्याही कुणाचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडायच्या नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यात एका आजोबांची हनुवटी धरलेली असताना तिच्या खिशातला फोन थरथरला. तिनं एका डोळ्यानं बघितलं. विद्यापीठाची मेल होती. आपल्या प्रकल्पातला मजकूर दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाशी मोठ्या प्रमाणात जुळतो, तरी गुरुवारी समितीसमोर येऊन खुलासा करावा.

"बाई," आजोबा शांतपणे म्हणाले, "डोळा जरा वर आहे."

थेंब त्यांच्या गालावर पडला होता.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. आपण कुठे काय चोरलं? जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर प्रकल्प उघडला आणि पहिल्या पानापासून तपासत गेली. हे वाक्य पुस्तकातलं, पण खाली नाव दिलंय. हा उतारा अवतरणात आहे. हे आपलंच... का कुठे वाचलेलं? असं एकदा मनात आलं की माणसाला स्वतःचं नावसुद्धा उसनं वाटायला लागतं.

घरी आली तर धाकटी जिन्यातच उभी होती. तिच्याही हातात फोन होता. तिचा चेहरा बघितला आणि मोठीला सगळं आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी धाकटीची मुलगी न्यूमोनियानं दवाखान्यात होती. प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली होती. धाकटी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून रडवेल्या आवाजात म्हणाली होती, "ताई, तुमची फाईल द्या ना. नुसती मांडणी बघते." मोठीनं तिथल्या तिथे पाठवून दिली होती. पाण्याचा ग्लास द्यावा तितक्या सहज.

"मी शब्द बदलले होते," धाकटी आता जिन्यात म्हणत होती. "शपथ, जवळजवळ प्रत्येक वाक्य बदललं. माझे मार्गदर्शक वेगळे, तुमच्या बाई वेगळ्या. मला वाटलं कोण कशाला दोन्ही शेजारी ठेवून बघेल?"

"आणि मुलाखती?"

धाकटीनं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. "मुलाखती तुमच्याच घेतल्या. नुसती वयं आणि नाती बदलली."

मोठीचा प्रकल्प अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्या बायकांवर होता. सहा बायकांशी ती बोलली होती. त्यांतली सगळ्यांत मोलाची मुलाखत समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या काकूंची. काकूंचे यजमान सहा वर्षं पडून होते. काकू सहजासहजी कबूल झाल्या नव्हत्या. "माझं बोलणं तुझ्या कामापुरतंच राहील ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं होतं, आणि मोठीनं दोन्ही वेळा शब्द दिला होता.

"ताई, एक करूया," धाकटी हळूच म्हणाली. "सांगूया की मुलाखती आपण दोघींनी मिळून घेतल्या. एका घरात राहतो, कुणाला खोटं वाटणार नाही. फार तर ओरडतील. नाहीतर माझं वर्ष जाईल."

मोठी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. घरात गेली आणि भांडी घासत बसली.

गुरुवारपर्यंतचे दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले. फोन वाजला की दचकायची. सासूबाईंच्या कानावर गोष्ट गेलीच. त्या म्हणाल्या, "हे बघ, कागदावर कुणाचं काय लिहिलं याच्यासाठी दोन भावांच्या बायका तोंडं फिरवून बसल्या, असं व्हायला नको. तूच जरा सांभाळून घे." नवरा म्हणाला, "तू कॉपी केली नाहीस ना? मग घाबरतेस कशाला?" तिला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. खरं बोलावं तर घर फुटायचं, खोटं बोलावं तर पकडले जायची भीती. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी काहीतरी टोचत होतं. ते काय, हे मात्र तिला सापडत नव्हतं.

गुरुवारी विभागाच्या व्हरांड्यात दोघी एका बाकावर बसल्या होत्या. एकेकीला आत बोलावणार होते. आधी धाकटीला हाक आली. मोठी बंद दाराकडे बघत राहिली. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तिला तहान लागली होती, पण पाण्यासाठी उठलं आणि नेमकी तेव्हाच हाक आली तर, म्हणून ती जागची हलली नाही.

धाकटी बाहेर आली ती मान खाली घालून. शेजारून जाताना पुटपुटली, "मी सांगितलंय, दोघींनी मिळून घेतल्या."

आत तिघं होते. विभागप्रमुख, परीक्षा विभागाचे एक गृहस्थ आणि मोठीच्या मार्गदर्शक बाई. टेबलावर दोन्ही प्रकल्प शेजारीशेजारी उघडे होते. सॉफ्टवेअरनं जुळलेला मजकूर पिवळा केला होता. मोठीच्या पानावर पिवळा रंग सलग होता, धाकटीच्या पानावर तुकड्यातुकड्यांत.

"मुलाखती दोघींच्या का?" विभागप्रमुखांनी विचारलं.

मोठीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर धाकटीच्या पानावर गेली. तिथे एक पस्तीस वर्षांची अविवाहित मुलगी आपल्या आईबद्दल बोलत होती. "झोपले तरी माझा एक कान जागा असतो. कधी कधी वाटतं, आता सुटावी ती. आणि मग दिवसभर तिच्याकडे बघवत नाही."

हे काकूंचं बोलणं होतं. हे बोलताना काकूंनी मशीनवरचा हात काढून घेतला होता आणि आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला होता. अशी मुलगी जगात कुठेच नव्हती. काकूंच्या तोंडातलं काढून कुणाच्याही तोंडात घातलं होतं. इतके दिवस काय टोचत होतं, ते मोठीला त्या क्षणी कळलं.

"नाही," ती म्हणाली. "मुलाखती मी एकटीनं घेतल्या. माझी जाऊ बरोबर नव्हती. पण फाईल मीच दिली, आणि ज्यांनी मला हे सांगितलं त्यांना न विचारता दिली."

परीक्षा विभागाचे गृहस्थ म्हणाले, "त्या वेगळं सांगून गेल्या. तुमचं खरं कशावरून धरायचं?"

"मुलाखतींचं रेकॉर्डिंग असेल ना?" मार्गदर्शक बाईंनी विचारलं. "त्यात एकच आवाज प्रश्न विचारत असेल. ते ऐकवलंत की प्रश्न मिटतो."

बाकीच्या पाच मुलाखती तिनं हातानं टिपून घेतल्या होत्या. रेकॉर्डिंग होतं ते फक्त काकूंचं, आणि ते तिच्या पर्समधल्या फोनमध्येच होतं.

"विचारून सांगते," मोठी म्हणाली. "पुन्हा न विचारता नको."

विभागप्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

काकू कुणाच्या तरी पँटची खालची शिवण उसवत होत्या. मोठीनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले तर सांगायचं धैर्य राहणार नाही, अशी तिला भीती होती. काकू रागावल्या नाहीत. ते मोठीला जास्तच जड गेलं.

"मला ऐकव," काकू म्हणाल्या.

आतलं दार ओढून घेऊन दोघींनी ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकताना काकू कात्रीची मूठ उघडत होत्या, मिटत होत्या. 'सुटावेत' हा शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे पुसून टाक," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही गं माझा. पण हे आणखी कुणी ऐकायला नको. कागदावरूनही काढ."

पुसलं तर आपल्याकडे काहीच पुरावा राहणार नाही, हे मोठीच्या ओठांवर आलं होतं. तरी काकूंच्या समोरच तिनं रेकॉर्डिंग पुसलं आणि फोन त्यांच्या हातात दिला, खात्री करून घ्या म्हणून. काकूंनी न बघताच परत केला आणि पुन्हा शिवण उसवायला घेतली.

घरी येऊन तिनं धाकटीला जिन्यात गाठलं आणि जे झालं ते सांगितलं. रागावण्याइतकं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. धाकटीनं विचारलं, "म्हणजे आता काहीच नाही तुमच्याकडे?"

"नाही."

धाकटी वर निघून गेली. तिचं दार लागलेलं ऐकू आलं. मोठीला वाटलं, सुटली बिचारी. आणि लगेच वाटलं, आपण मात्र बुडालो. शनिवार-रविवार ती वरच्या पावलांचा कानोसा घेत राहिली. वर मुलगी धावत होती, दीर फोनवर हसत होता, आणि धाकटीचा आवाज काही येत नव्हता.

सोमवारी मोठी विभागात पोचली तेव्हा धाकटी मार्गदर्शक बाईंच्या खोलीतून बाहेर येत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. ती डोळ्यांत थेंब घातलेल्या रुग्णासारखी भिंतीला हात लावत चालत गेली, थांबली नाही.

"सगळं सांगितलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "तुमचं काहीच नको आता. बसा."

मोठी बसली.

धाकटीचा प्रकल्प रद्द झाला. नव्या विषयावर, नव्या मुलाखती घेऊन, पुढच्या वर्षी पुन्हा. मोठीला लेखी ताकीद मिळाली. बाईंनी ती हातात देताना सरळ सांगितलं, "देणाराही यात असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ही आमचीही चूक. पण शब्द तुम्ही दिला होतात." काकूंची मुलाखत काढल्यावर प्रकल्पाचं मधलं प्रकरणच कोसळलं. ते नव्यानं लिहायला तिला दीड महिना मिळाला. मार्क साधारणच पडले.

घर फुटलं नाही, पण पूर्वीसारखंही राहिलं नाही. स्कूटरवर दोघी बसायच्या, पण सिग्नलला थांबल्यावर आता कुणी बोलायचं नाही. सासूबाईंना वाटायचं, मोठीनं ताणलं; दिराला वाटायचं, वहिनींनी फाईल दिलीच कशाला. काकू दिसल्या की हसायच्या, कपडे शिवून द्यायच्या, पण मोठी आत आली की मशीन थांबवायच्या नाहीत.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी धाकटी खाली आली. मुलगी कडेवर होती.

"ताई, हिला तासभर ठेवाल? मुलाखतीला जायचंय." ती जरा थांबली. "त्या बाई नाही म्हणाल्या तर काय करू?"

"परत ये," मोठी म्हणाली आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले.