खारट विहीर आणि लाखबंद बाटल्या

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. धाकटी बहीण सुमन कोकणात, खाडीकाठच्या गावी दिलेली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "ताई, विहीर खारट झालीय. मामंजी बुजवणार म्हणतात. मग पाणी टेकडीवरून आणायचं." तिला सातवा महिना होता. तिला पोचवायला मीच निघाले.

जाणार असाल तर एस.टी.त पुढची जागा गाठा. गगनबावड्याला गरम भजी खाऊन घ्या, पण बेतानं. पुढे घाट पोट ढवळतो. खाली उतरलं की हवाच बदलते. घामाच्या धारा.

सुमनकडे बांगड्याची आमटी जेवून विहिरीवर गेले. पाणी तोंडात धरवेना. शेजारीच सुमनच्या सासऱ्यांची मासे खारवायची खोप, झावळ्यांची झोपडी. ते म्हणाले, "खाडी आत इली. आता बुजवूक होयी."

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत माझा वर्गमित्र होता. पाण्यातल्या ऑक्सिजनचे काही अणू जरा जड असतात. समुद्रात ते जास्त, पावसाच्या पाण्यात कमी. हा फरक त्याच्याकडचं यंत्र दाखवत असे. खाडीचं, विहिरीचं आणि टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी मी बाटल्यांत भरलं. वाफ उडाली तर हिशेब चुकतो, म्हणून बुचांवर लाख ओतली.

परतताना घाटमाथ्यावर दारूबंदीच्या पोलिसानं पिशवी उघडली.

"बाई, ह्यात काय हाय?"

"विहिरीचं पाणी."

"पाण्याला लाख कशाला? फोडा बघू."

फिरकीच्या तांब्यात त्याच विहिरीचं उरलेलं पाणी होतं, ते पुढे केलं. त्यानं घोट घेतला आणि थुंकला.

"आयला, खारट हाय की! ह्ये कोण पितंय?"

"माझी बहीण."

त्यानं पिशवी बांधून दिली.

बाटल्या मुंबईला धाडल्या. तिथून उत्तर आलं: विहिरीचं पाणी झऱ्यासारखंच, पावसाचं. खाडी आत आलेलीच नव्हती. मीठ वरून, खोपीतून झिरपत होतं.

मी सुमनला कळवलं, तर सासरे स्वतः कोल्हापूरला आले. "म्हणजे माझ्याच मिठान केला?"

मी मान हलवली. त्यांनी चहा संपवला. मग उठत म्हणाले, "खोप हलवूक येता. विहीर खय हलवतलंय?"

खोप हलवली, तरी पाणी गोडं व्हायला दोन पावसाळे गेले. तोवर सुमन लेकीला कडेवर घेऊन पाण्यासाठी टेकडी चढत राहिली. यंत्रानं कारण सांगितलं. वाट बघणं तिच्याच वाट्याला आलं.