गोडे डॉक्टरांचा हौद

भाजलेल्या माणसाला गोडे डॉक्टर आधी दोन शिव्या हासडत, मग औषध देत. गोंदियाच्या एका लाखेच्या कारखान्यात मी तेव्हा मुनीम होतो. लाख धुताना कॉस्टिक सोड्याचं पाणी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर उडायचंच, आणि तो माणूस दवाखान्यात जायचा जखमेवर तूप, हळद नाहीतर शाई थापून. डॉक्टरांचं डोकं फिरायचं. "तूप भातावर घे ना बाबा. ते कॉस्टिक कातडं खाऊन राहिलं, अन् तू त्याले झाकून ठेवतोस. पहिले पाणी ओत, भरपूर. मग माझ्याकडे ये."

कारखान्याच्या शेटजींच्या मागे हात धुऊन लागून डॉक्टरांनी लाख धुण्याच्या कढईजवळ पाण्याचा हौद बांधून घेतला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं सुटतोय!

एका दुपारी बिरजाबाईच्या डोळ्यांत कॉस्टिक उडालं. ती लाख धुणारी, अस्पृश्य वस्तीतली. हौद दोन हातांवर, काठोकाठ भरलेला. पण त्यातलं पाणी सगळा कारखाना पीत असे, आणि तिच्यासारखीला वरून ओतून देणारा पाणक्या जेवायला गेलेला. ती हौदापाशी उभी राहून किंचाळत राहिली आणि सोबतच्या बाया पाणक्याला शोधत धावल्या. तो आला तोवर व्हायचं ते झालं होतं.

डॉक्टर कितीतरी वेळ तिचे डोळे धूत होते. उजवा वाचला, डावा गेला.

"हात काऊन नाही घातला हौदात?"

"आमच्या हातानं बाटते ना जी."

त्या दिवशी डॉक्टरांनी शिवी दिली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पट्टी सुटल्यावर ते तिला घेऊन कारखान्यात आले. हौदात आधी आपला हात घातला आणि सर्वांदेखत तिला म्हणाले, "घाल." तिने हात बुडवला. "मेरा हौद खराब कर दिया," म्हणून शेटजी तणतणले. पिणाऱ्यांनी आपली मडकी वेगळी मांडली आणि हौद लाख धुणाऱ्या बायांना मोकळा झाला. कुणी कौतुक केलं की डॉक्टर खेकसत, "कायले कौतुक करता? एवढीशी अक्कल यायले बाईचा डोळा जावा लागला."

पुढे डॉक्टर वारले. तेरावं व्हायच्या आत शेटजींनी गोमूत्र शिंपडून हौद शुद्ध करून घेतला आणि पाणक्याला पुन्हा तिथे बसवलं. मी भांडलो. दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी बिरजाबाई आली. पाणक्याला म्हणाली, "सरक." मग कोपरापर्यंत हात बुडवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि कामाला लागली. मी ती नोकरी सोडेपर्यंत ती रोज तेच करत होती.