दहाव्या माणसासाठी

विक्रम रणपिसेला आयुष्यात एकही गोष्ट सावकाश करता आलेली नाही. वीज मंडळात लाइनमन होता तेव्हा खांबावर असा चढायचा की खाली कोणी काठी घेऊन उभं असावं. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सदरमधल्या घरातून दुधाची पिशवी आणायला निघाला की शेजाऱ्यांना वाटतं, कुठेतरी आग लागली. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की बाकी मंडळी पहिल्या ओळीवर आणि हा दुसरीच्या मध्यावर. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं आहे.

असा हा धांदरट माणूस दर शुक्रवारी संध्याकाळी बापूजी किहीमकरांच्या घरी जाऊन तासभर मुकाट बसतो, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण पस्तीस वर्षं तो बसतो आहे. बापूजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरला आले आणि घराणं इथलंच होऊन गेलं. नागपुरात त्यांच्या लोकांची घरं अगदी थोडी. वेगळं प्रार्थनामंदिर नाही, म्हणून बापूजींची पुढची खोली तीच प्रार्थनेची जागा.

दोघांची ओळख झाली ती फ्यूज उडाल्यामुळे. विक्रम नोकरीत नवा होता. शुक्रवारी दिवेलागणीनंतर शेजाऱ्यांनी तक्रार नोंदवली, हा धावत गेला, खांबावरचं काम आटोपलं आणि दारात येऊन म्हणाला, आता बटण दाबून बघा. घरातलं कोणी हलेना. बापूजी म्हणाले, "अंधार लय आहे गा." विक्रम म्हणाला, हो, आहे खरा, म्हणूनच बटण दाबा. बापूजी पुन्हा म्हणाले, अंधार लय आहे. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंतचा विसाव्याचा दिवस, लागला की यहुदी माणूस दिवा लावत नाही आणि दुसऱ्याला लाव असं तोंडानं सांगतही नाही, नुसतं सुचवतो, हे या बिचाऱ्याला कुठून ठाऊक? शेवटी वैतागून त्यानं स्वतःच बटण दाबलं. सगळं घर त्याच्याकडे असं बघायला लागलं की जणू त्यानं लेक उजवून दिली.

मग त्यांची प्रार्थना सुरू झाली. भाषा परकी, चाल अनोळखी, पण मधूनच अब्राहाम, इसहाक, याकोब अशी नावं कानावर पडली आणि विक्रमच्या अंगावर काटा आला. ही तर आपल्या घरातली माणसं! आजीच्या मांडीवर ऐकलेली. पुढच्या शुक्रवारी फ्यूज शाबूत असूनही तो बटण दाबायला हजर झाला, आणि दाबून झाल्यावर बसला. तो कायमचाच बसला.

त्याच्या डोक्यात एक भुंगा मात्र सोडला गेला. चर्चमधल्या एका पाळकांनी एका रविवारी सांगितलं की पूर्वी देवानं यहुद्यांना निवडलं होतं, आता आपण निवडलेले. विक्रमनं बाहेर पडता पडता त्यांना गाठून विचारलं, मग बापूजींचं काय झालं? पाळक म्हणाले, हा विषय खोल आहे. विक्रमला खोल विषय आवडत नाहीत, त्याला उत्तर लागतं. तो तडक बापूजींकडे गेला. बापूजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की निवडलं म्हणजे लाड केले असं नाही, निवडलं म्हणजे कामाला जुंपलं. आणि हे जू एकदा मानेवर आलं की उतरत नाही. विक्रमला ते पटलं, पण आपल्या मानेवर ते आहे की नाही हा प्रश्न तसाच राहिला. आपण या खोलीत कोण? बटण दाबणारा की आणखी कोणी? हे त्यानं कधी विचारलं नाही, कारण उत्तराची त्याला भीती वाटायची.

यंदा बापूजींचा नातू अनिश तेरा वर्षांचा झाला. तेराव्या वर्षी यहुदी मुलगा पहिल्यांदा सगळ्यांसमोर सेफेर वाचतो. सेफेर म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली पवित्र गुंडाळी. त्या दिवसापासून तो मोठ्यांत धरला जातो. नागपुरात असा सोहळा कित्येक वर्षांत झाला नव्हता. अनिशनं मोबाइलवर ठाण्याच्या हजानकडून, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याकडून, शिकवणी घेतली. ती इतके महिने चालली की अनिशचा पाठ व्हायच्या आधी विक्रमचा झाला. मुलगा अडखळला की हा पलीकडून ओठ हलवायचा.

अडचण एकच होती. सेफेर उघडून वाचायचं तर तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ असले तर नाही. बापूजींनी फोनवर फोन करून अनिशला आणि हजानला धरून दहा जमवले आणि गुरुवारची सकाळ ठरवली. आठवड्यातल्या त्या दिवशीही सेफेर वाचतात, शिवाय शनिवारसारखी गाडीघोड्याची बंदी नसते. हजान सेफेर घेऊन ठाण्याहून आले. दुपारच्या गाडीनं त्यांना परत निघायचं होतं.

गुरुवारी विक्रम उजाडतानाच पोचला. खुर्च्या मांडल्या, पंखे तपासले, आचाऱ्याला नको ते सल्ले दिले. अनिश नव्या कुडत्यात घामाघूम. बायका आतून डोकावत होत्या. सगळं घर लग्नघरासारखं गजबजलं होतं. तेवढ्यात दहातल्या एकाचा, जबलपूरच्या पाहुण्याचा, फोन आला की गाडी इटारसीला अडकली आहे आणि कधी सुटेल याचा भरवसा नाही. फोन बापूजींनी घेतला. ऐकून खिशात ठेवला. कोणाला काही बोलले नाहीत.

हजान तरुण होते आणि घाईत होते. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत असा त्यांच्यात रिवाज आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, एका माणसावर एक शब्द, वचन पुरं झालं की माणसं पुरी. ते खोलीतून फिरत शब्द टाकत गेले. शेवटचा शब्द उरला तेव्हा दाराजवळ डोक्याला टोपी घातलेला, इथलाच वाटणारा एक पिकल्या मिशांचा माणूस उभा होता. हजाननं शेवटचा शब्द विक्रमवर टाकला, समाधानानं मान हलवली आणि प्रार्थनेची एक शाल त्याच्या हातात दिली.

पस्तीस वर्षं ज्या शालीला विक्रमनं हात लावला नव्हता ती त्याच्या हातात होती. खोलीतल्या ज्यांना ठाऊक होतं ते चपापले, पण यजमानाआधी बोलायचं कोणी? त्यानं बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी सगळं पाहिलं होतं. ते खाली बघून आपल्या अंगावरची शाल नीट करायला लागले, आणि ती नीटच होती. विक्रमला कळायचं ते कळलं. म्हातारा गप्प राहणार होता. आपण गप्प राहिलो की झालं, पोरगा वाचेल, हजान गाडी पकडतील, आणि आयुष्यात एकदा का होईना आपण त्या वचनात असू. त्याला ते हवं होतं.

मग त्यानं अनिशकडे पाहिलं. पोरगा ओठातल्या ओठात घोकत होता.

"मी नाही," विक्रम म्हणाला. "मी यहुदी नाही. मी चर्चमधला आहे. तुमी नऊच आहा."

हजान आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि बापूजींना हळू आवाजात सांगितलं की साडेअकरापर्यंत दहावा आला तर ठीक, नाहीतर सेफेर उघडता येणार नाही. अनिशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून विक्रमनं शाल खुर्चीवर ठेवली आणि स्कूटरची किल्ली काढली. नागपुरात दहावा यहुदी होता. सगळ्यांना ठाऊक होता. त्याचं नाव मात्र या घरात कोणी काढत नसे.

शिमशोन बापूजींचा सख्खा धाकटा भाऊ. गांधीबागेत त्याचं चादरी-टॉवेलचं ठोक दुकान. त्यानं भिवापूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, कामिनीशी लग्न केलं होतं. कामिनीनं यहुदी व्हायचे विधी केले नाहीत, पण संसार मांडल्यापासून दर शुक्रवारी दिवे लावले, घरात निषिद्ध ते शिजू दिलं नाही. ती वारली तेव्हा शिमशोननं तिच्यासाठी आपल्या लोकांच्या कब्रस्तानात जागा मागितली. समाजाचा वडीलधारा म्हणून बापूजींनी नियम सांगून नाही म्हटलं. तिला भिवापूरला नेऊन अग्नी दिला. त्यानंतर शिमशोन ना भावाच्या घरी आला, ना प्रार्थनेला.

विक्रमनं सदरहून गांधीबागेपर्यंत स्कूटर कशी हाणली ते त्याचं त्यालाच ठाऊक. रामझुला पुलावर एक बसवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, सेंट्रल अव्हेन्यूवर सिग्नलनं त्याचा जीव खाल्ला, आणि गांधीबागेच्या तोंडाशी हातगाड्यांची अशी दाटी की त्यानं स्कूटर एका चहावाल्याच्या हवाली केली आणि गठ्ठ्यांवरून उड्या मारत दुकान गाठलं. शिमशोन गादीवर बसून गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होता. विक्रमनं धापा टाकत सगळं एका दमात सांगून टाकलं.

शिमशोननं चादरीची घडी घातली. "माही कामिनी बावीस वर्षं दिवे लावत होती. ती त्यायच्यात नाही, त मीही नाही. सांग जाऊन बापूजीले."

"बापूजीनं नाही पाठवलं मले."

"मंग कोणी पाठवलं?"

"कोणीच नाही. आज हजाननं मले मोजलं होतं, शिमशोनभाऊ. शाल देली हातात. बापूजी गप्प राहिले. मीच नाही म्हटलं."

शिमशोननं पहिल्यांदा मान वर केली. "काहून?"

"पोट्टा पहिल्यांदा देवापुढं उभा राहून राहिला. त्याची सुरुवात खोट्यावर काहून करायची?" विक्रमचा आवाज चढला. गिऱ्हाईक चादर सोडून ऐकायला लागलं. "मले तुमचा राग येते, खरं सांगतो. जे मले पायजे होतं ते तुमाले जन्मताच भेटलं, अन् तुमी ते इथं गठ्ठ्याखाली दाबून ठेवलं. वहिनीवर अन्याय झाला, मी तवाही म्हटलं होतं. पण त्या दिवे लावत होत्या ते कोणी मोजावं म्हणून लावत होत्या का?"

शिमशोननं चादर उचलून बाजूला ठेवली. विक्रमला वाटलं, गेलं सगळं. उगाच बोललो. मग शिमशोननं गल्ल्याला कुलूप घातलं, नोकराला हाक मारून दुकान बघायला सांगितलं आणि कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवली. म्हणाला, येतो, पण तिथं तिचं नाव घ्यायला लावीन, सगळ्यांसमोर. विक्रमला कसलाही अधिकार नव्हता, तरी तो म्हणाला, "लावा."

परतीच्या वाटेवर शिमशोननं मागून त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता आणि देवाला विसरलेला तो माणूस प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत होता.

दोघं दारात आले तेव्हा हजान सेफेर न उघडताच परत पेटीत ठेवायच्या बेतात होते. बापूजींनी भावाला पाहिलं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. बापूजी फक्त बाकावर सरकले, आणि शिमशोन त्या मोकळ्या जागेत बसला. हजाननं पुन्हा वचन म्हटलं, या वेळी ते बाकावरच पुरं झालं.

अनिशनं वाचलं. आवाज आधी कापला, मग सापडला, मग खोलीभर झाला. दाराबाहेर विक्रमनं तोंडावर हात दाबून धरला होता, नाहीतर तो नक्की अर्धी ओळ पुढे गेला असता. आनंदानं त्याला एका जागी उभं राहवेना. आतून बायकांनी रिवाजाप्रमाणे मुलावर मिठाई उधळली.

वाचनानंतर मृतांसाठी प्रार्थना असते. शिमशोन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बायकोसाठी म्हणा. हजाननं नाव विचारलं.

"कामिनी."

"कोणाची मुलगी?"

"लहानूची. भिवापूरच्या."

"अब्राहामाची म्हणा," बापूजी बाकावरून म्हणाले.

हजान थबकले. अब्राहामाची लेक असं फक्त रीतसर यहुदी झालेल्या बाईला म्हणतात, आणि हा नियम त्या खोलीत बापूजींइतका कोणालाच पाठ नव्हता. याच नियमावर त्यांनी कब्रस्तानाचं फाटक बंद केलं होतं.

"नियम मले माहीत आहे," बापूजी म्हणाले. "त्यावेळी मी नियम सांगितला, अन् आज सकाळी मी गप्प राहिलो. जबाबदारी माही. अब्राहामाची म्हणा."

हजाननं तसं म्हटलं. शिमशोननं शाल तोंडावर ओढून घेतली.

शेवटी हजर असलेल्यांसाठी आशीर्वाद मागतात, एकेकाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव घेऊन. बाकावरची नावं संपली. बापूजींनी दाराकडे बोट केलं. हजान म्हणाले, विक्रम, बरोबर ना? वडिलांचं नाव काय? विक्रम उत्तर द्यायला पुढे झाला, पण बापूजींनी त्याला हातानं थांबवलं.

"मघाशी कामिनीसाठी सांगितलं तेच," ते म्हणाले. "त्याच्याही बापाचं नाव तेच आहे."